खिळ्याला टांगलेला पेनड्राइव्ह

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या मशिन शॉपमध्ये मी संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन गेलो होतो. शेडमध्ये चार सीएनसी मशिन, कूलंटचा वास, कोपऱ्यात सुपरवायझरांचं टेबल. भिंतीत एक खिळा ठोकलेला आणि त्याला सुतळी ओवून टांगलेला एक पेनड्राइव्ह. "हा असा का टांगलाय?" एका मुलीनं विचारलं. "हरवतो हो सारखा," सुपरवायझर म्हणाले. ऑफिसातल्या संगणकावर प्रोग्राम तयार होतो, पेनड्राइव्हवर घ्यायचा, मशिनला लावायचा, जॉब सुरू. चारही मशिनना तोच पेनड्राइव्ह. शॉपमधल्या गणपतीच्या आरत्याही त्याच्यावरच होत्या.

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मालवेअरचे प्रकार सगळ्यांना पाठ होते. एकानं धीर करून सांगितलं, "सर, पेनड्राइव्ह बंदच करायला पाहिजे." सुपरवायझर शांतपणे म्हणाले, "करू की. मग प्रोग्राम मशिनपर्यंत न्यायचा कसा?" नेटवर्क जोडा, दुसरा म्हणाला. "कंट्रोलरवर जुनं विंडोज आहे, त्याला अपडेट येत नाहीत. जोडू?" अँटिव्हायरस टाका, तिसरा म्हणाला. "मशिन बनवणारी कंपनी सांगते, वरून काही टाकलंत तर सर्व्हिसची जबाबदारी आमची नाही." पुढं कुणी बोललं नाही. परतीच्या बसमध्ये मात्र मुलं तासभर त्या एका पेनड्राइव्हवर भांडत होती. चार सत्रांच्या माझ्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं, ते त्या खिळ्यानं केलं.

माहिती सुरक्षा हा विषय कॉलेज आणि कारखाना यांनी मिळून शिकायचा तो का आणि कसा, हे मावळातल्या वाचकांसाठी लिहितो आहे. प्राध्यापक, उद्योजक, मेंटेनन्स आणि आयटी सांभाळणारी माणसं, विद्यार्थी, सगळ्यांसाठी. आपल्याकडं या दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. तळेगावात नूतन महाराष्ट्र आणि इंद्रायणी महाविद्यालय, आंबी-वराळेच्या बाजूला डी. वाय. पाटील, लोणावळ्याजवळ कुसगावला सिंहगड, लोणावळ्यात पुरंदरे महाविद्यालय. आणि त्यांच्या आसपास नवलाख उंबऱ्यापर्यंत पसरलेले कारखाने, फुलांची हरितगृहं, हॉटेलं, बंगले, पतसंस्था. सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये एकाच बाकावर विद्यार्थी आणि शॉप फ्लोअरवरचा ऑपरेटर बसलेले असतात. एकाकडं प्रश्न आहे, दुसऱ्याकडं वेळ आणि शिकलेलं डोकं.

कारखान्यात उभं राहून शिकणं तळेगावाला नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला. टिळकांचा त्याला भक्कम पाठिंबा होता. त्यातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. जपानला जाऊन काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं होते. तो कारखाना काच करायला शिकवणारी शाळाही होता. भट्टीसमोर उभं राहून तरुण शिकले आणि पुढं देशभरच्या काचधंद्यात गेले. त्याच सुमारास प्रा. विजापूरकरांचं समर्थ विद्यालय याच गावात राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग करत होतं. सरकारनं १९१० मध्ये ते बंद पाडलं. भट्टीपासून दूर बसून काच शिकता येत नाही, हे ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं, तिथल्या मुलांनी फायरवॉल फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुण्यातलंच अलीकडचं उदाहरण घ्या. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढं संगणक दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांना व्हायरस लागलेले असायचे. संजयनी त्यांचाच अभ्यास करून ते काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभी राहिली. कॉलेजचं शिक्षण आणि दुकानात रोज येणारा खरा बिघाड एका घरात भेटले, एवढंच झालं. आपल्याला ही भेट घराबाहेर, ठरवून घडवायची आहे.

सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठाम आहे: लॉगपासून. प्रत्येक संगणक, सर्व्हर, फायरवॉल कोण कधी आलं, काय मागितलं, काय नाकारलं याची नोंद ठेवत असतो, ती म्हणजे लॉग. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, निर्देशांत सांगितलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि यंत्रणांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. लहान-मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती, ती कधीच संपली. म्हणजे लॉग ठेवणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. पण पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यात आयटी सांभाळणारा एकच जण असतो. प्रिंटर, कॅमेरे, टॅली, सगळं त्याच्याच गळ्यात. लॉग कोण बघणार? आणि इकडं कॉलेजात मुलं परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या, वीस वर्षं जुन्या नमुना माहितीवर प्रोजेक्ट करतात. कारखान्यात लॉग आहेत पण ते वाचायला कुणी नाही. कॉलेजात वाचणारे आहेत पण त्यांच्याकडं लॉग नाहीत. हा सांधा जुळवला की निम्मं काम होतं.

आमच्या मुलांनी पहिल्यांदा एका कंपनीचे लॉग वाचले, तेव्हा त्यांना हल्लेखोर सापडला नाही. सापडलं ते असं: फायरवॉलचं घड्याळ आणि हजेरीच्या यंत्राचं घड्याळ यांत अकरा मिनिटांचा फरक. रात्री दोनला कुणी लॉगिन केलं आणि त्या वेळी आत कोण होतं, हे ताडून पाहायला गेलं की काहीच जुळेना. मुलं हिरमुसली. मी त्यांना म्हटलं, हाच तुमचा पहिला शोध. ज्या दिवशी खरंच चोरी होईल, त्या दिवशी तपास करणाऱ्याला ही अकरा मिनिटं रडवतील. कंपनीनं दुसऱ्याच दिवशी घड्याळं जुळवली. त्याला एक पैसाही लागला नाही.

घड्याळांसारखंच हिशेब जुळवणंही किती मोलाचं असतं, ते पुण्यानं २०१८ मध्ये पाहिलं. कॉसमॉस बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएमवरची मागणी बँकेच्या मूळ यंत्रणेकडं नेणाऱ्या सर्व्हरच्या, जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले. खोटा स्विच प्रत्येक मागणीला होकार देत होता आणि बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत ती मागणी पोचतच नव्हती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेमार्गे हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. वर्गात हे प्रकरण शिकवताना मालवेअरच्या नावावर थांबू नका. मुलांना विचारा: होकार दिलेले व्यवहार आणि खात्यातून वजा झालेले व्यवहार यांचा मेळ शनिवारी संध्याकाळी कोण घालतं? सुट्टीच्या दिवशी इशारा कुणाच्या फोनवर वाजतो? मग हाच प्रश्न घेऊन वडगावातल्या किंवा कामशेतमधल्या एखाद्या पतसंस्थेत जा आणि व्यवस्थापकांबरोबर बसून उत्तर शोधा. बी.कॉम.च्या मुलांना हे काम संगणकवाल्यांपेक्षा चांगलं जमतं, हे मी पाहिलं आहे.

आता कागद. ही गोष्ट मी सर्वांत कळकळीनं सांगतो, कारण इथं चूक झाली तर मुलाचं आयुष्य अडकतं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "शिकण्यासाठी केलं," म्हटलं म्हणून सुटका होईलच असं नाही. तोंडी परवानगीही पुरेशी नाही. ज्या व्यवस्थापकानं चहा पीत "बघा की आमचं वायफाय" म्हटलं, तो बदलून गेला की मुलगा एकटा पडतो. म्हणून कोणत्याही तपासणीआधी दोन पानांचं परवानगीपत्र करा, सोप्या मराठीत. कोणत्या यंत्रणा तपासायच्या, कोणत्या अजिबात नाही. कोणत्या तारखा, कोणत्या वेळा. काम ताबडतोब थांबवा म्हणण्याचा अधिकार कुणाला, त्याचा फोन नंबर. सापडलेलं काय, कुणाला सांगायचं. कंपनीचा सही-शिक्का, प्राचार्यांची सही, विद्यार्थ्याची सही. चालू उत्पादनाच्या मशिनवर विद्यार्थ्यानं कधीही काही चालवायचं नाही, हे त्यात ठळक लिहा. साधं स्कॅनिंगसुद्धा जुन्या कंट्रोलरला गोठवू शकतं, आणि फिरत्या स्पिंडलजवळ माणूस उभा असतो.

सामंजस्य करार फ्रेम करून प्राचार्यांच्या केबिनबाहेर लावण्याची आपल्याकडं पद्धत आहे. तसा करार असायला हरकत नाही, पण त्यानं एकही लॉग वाचला जात नाही. मला विचाराल तर करार नंतर करा, आधी एक प्रश्न घ्या, बारा आठवड्यांत उरकेल असा. वर्षभराचा मोठा प्रोजेक्ट घेतला की कॉलेजच्या परीक्षा आणि कंपनीचं मार्चअखेर यांत तो बुडतो.

लॉग कॉलेजात न्यायचे तर नावं पुसून न्या. कर्मचाऱ्याच्या नावाच्या जागी क-१, क-२ असे संकेत घाला, आतल्या संगणकांचे पत्तेही बदला. वेळ आणि क्रम मात्र तसाच राहू द्या, कारण अभ्यास त्याचाच आहे. संकेतांची किल्ली कंपनीतच राहील. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कर्मचाऱ्यांची आणि ग्राहकांची माहिती आता सहज देण्याघेण्याची वस्तू राहिलेली नाही. मालकांना एक भीती असते, ती रास्त आहे: "आमची दुबळी जागा गावभर होईल." म्हणून व्हायवाला कंपनीचं नाव घ्यायचं नाही, अहवालाची एकच प्रत करायची, आणि मुलांनी लिंक्डइनवर मिरवायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा. कुणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा दोष सापडलाच तर तो आधी बनवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. तिकडून दाद मिळाली नाही तर सर्ट-इन मध्यस्थी करते. अशा दोषांना जगभर मान्य असलेला क्रमांक देण्याचा अधिकार तिला २०२१ पासून आहे. त्या नोंदीत आपलं नाव लागणं हा कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा मान आहे.

मावळाच्या मुलांनी आणखी एक गोष्ट शिकावी, जी इतरांना इतकी जवळ मिळत नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वलवण, शिरवता या जलाशयांचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं. तिथं १९१५ पासून वीज होते. ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीला उतरतं. झडप, टर्बाइन, पाण्याची पातळी, ही यंत्रं हलवणाऱ्या संगणकांची सुरक्षा आणि ऑफिसातल्या संगणकांची सुरक्षा या निराळ्या गोष्टी आहेत. ऑफिसात पहिली काळजी गुपिताची, यंत्राजवळ पहिली काळजी माणसाच्या जिवाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा पॉवरनं आपल्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेवर सायबर हल्ला झाल्याचं शेअर बाजाराला कळवलं, तेव्हा वीज चालवणाऱ्या महत्त्वाच्या यंत्रणा सुरू असल्याचंही सांगितलं होतं. ऑफिस आणि यंत्र यांच्यामधली भिंत किती मोलाची आहे, हे त्या एका वाक्यात दिसतं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचं मालवेअर पसरलं, तेव्हा न्हावाशेवाच्या बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाकडं असलेलं टर्मिनल ठप्प झालं होतं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला किडा घाटाखालच्या बंदरात येऊन कंटेनर अडवतो, हे मुलांना सांगितलं की नकाशा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

अर्थात अभ्यासासाठी धरणाच्या फाटकाशी जायचं नाही. आयएनएस शिवाजीच्या किंवा इतर संरक्षण आस्थापनांच्या आसपासही नाही. प्रयोगशाळेत छोटं धरण करा. दोन बादल्या, एक पंप, पातळी सांगणारा फ्लोट, एखाद्या कारखान्यातून काढून टाकलेला जुना पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक. तो नसेल तर फुकट मिळणारं ओपनपीएलसी साध्या संगणकावरही चालतं. त्यांच्यातलं बोलणं मॉडबसवर होऊ द्या. ही भाषा १९७९ सालची. तिच्या मूळ रूपात पासवर्ड नाहीच. नेटवर्कवर असलेल्या कुणीही "पंप चालू" म्हटलं की पंप चालू. नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारं वायरशार्क लावून मुलांना तो हुकूम उघडा वाचता येतो. बादली भरून फरशीवर पाणी सांडतं, तेव्हा नेटवर्कचे विभाग वेगळे का पाडायचे, हे पुन्हा समजावावं लागत नाही. कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवा. "आमच्याकडं ही केबल कुठं जाते?" असं एकजण पुटपुटला होता, पुढचा प्रोजेक्ट तिथूनच निघाला.

कारखान्यात कधी जायचं, याचाही मुहूर्त असतो. मशिनची यादी करायला खंडेनवमीच्या आदल्या दिवसासारखा दिवस नाही. पूजेसाठी प्रत्येक मशिन पुसलं जातं, कपाटं सरकवली जातात, मागं दडलेला राउटर, कुणीतरी कधीतरी जोडलेला मोडेम, सगळं उजेडात येतं. दोन मुलं वही घेऊन ऑपरेटरबरोबर फिरली की संध्याकाळपर्यंत कंपनीची पहिली खरी यादी तयार होते. जे आपल्याकडं आहे हेच माहीत नाही, ते सांभाळणार कसं? त्याच यादीवरून पुढचं काम: बॅकअप. "बॅकअप घेता का?" असं विचारू नका, हो म्हणतात. "या कोऱ्या संगणकावर कालचे सगळे प्रोग्राम आणून दाखवाल का?" असं विचारा, आणि घड्याळ लावून बसा.

लोणावळ्याचा प्रश्न निराळा. तिथं कारखान्यापेक्षा पाहुणा मोठा. बंगल्याचे फोटो चोरून खोट्या जाहिराती टाकायच्या, आगाऊ पैसे घ्यायचे आणि पाहुणे शनिवारी दारात आले की बंगल्याच्या राखणदाराला काहीच ठाऊक नाही, हे लोणावळेकरांना सांगायला नको. हॉटेलांच्या काउंटरखाली आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे साचलेले असतात. पुरंदरे महाविद्यालयासारख्या ठिकाणची कला-वाणिज्यची मुलं हॉटेलमालकांबरोबर बसून ठरवू शकतात: झाकलेले आठ आकडे असलेलं मास्क्ड आधार चालवायचं, गठ्ठे कधी आणि कसे नष्ट करायचे, बुकिंगचा एकच नंबर ठळक कुठं लावायचा. फूल उत्पादकांसाठी फेब्रुवारीच्या आधीचा महिना धरा. व्हॅलेंटाइनच्या गुलाबांची निर्यात सुरू असताना "आमचं बँक खातं बदललं आहे" असा ईमेल ग्राहकाला कुणीतरी पाठवला तर? खातं बदलल्याचा निरोप आला की जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, एवढा नियम दोन्ही बाजूंनी हंगामाआधी पाळायचं ठरवलं पाहिजे. क्विक हील फाउंडेशनच्या "सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा" उपक्रमात कॉलेजची मुलं शाळा-शाळांत जाऊन असंच बोलतात. तो नमुना समोर आहे.

प्राध्यापकांनीही बाहेर पडलं पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे एखाद्या कंपनीच्या आयटी विभागात बसा. मी बसलो, आणि माझ्या निम्म्या नोट्स बदलल्या. उलट बाजूनं, विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस"ची वाट उघडली आहे: किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला पीएच.डी. नसली तरी शिकवायला घेता येतं. मावळात अशी माणसं निवृत्त होऊन राहायला आली आहेत. त्यांच्या दारावर जाऊन विचारायला हवं. पुढं शिकायचं असेल त्यांना पुण्यात सी-डॅकचा पायाभूत यंत्रणा आणि सुरक्षेवरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे.

आणि फसवणूक झालीच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका फोन लवकर, तितके पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मग पोलीस: तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. ही एक ओळ कंपनीच्या सूचना फलकावर लावा, त्या वेळी शोधत बसायला नको.

त्या मशिन शॉपमध्ये पुढं काय झालं, ते सांगतो. मुलांनी ऑफिसातला एक जुना संगणक दरवाज्याजवळच्या टेबलावर मांडला, नेटवर्कला न जोडता, त्यावर फक्त तपासणीचं सॉफ्टवेअर; व्हायरसची ताजी यादी आठवड्यातून दोनदा हातानं भरायची. दोन नवे पेनड्राइव्ह आणले, लाल सुतळीचा फक्त मशिनसाठी. शेजारी एक वही: तारीख, वेळ, कुठून आला, तपासला का, सही. आरत्यांसाठी सुपरवायझरांनी स्वतः वेगळा पेनड्राइव्ह घेतला. तिसऱ्या आठवड्यात मशिनच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर आला, खिशातून आपला पेनड्राइव्ह काढून थेट पॅनेलकडं निघाला. आमच्यातलं कुणीही तिथं नव्हतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं त्याला थांबवलं आणि आधी दरवाज्याजवळच्या टेबलाकडं नेलं. वहीत त्या दिवशीची नोंद त्या ऑपरेटरच्याच अक्षरात आहे.